धर्मराजने बायकोचे पाय धरले

बदलापुरात कात्रपला नाक्याच्या मागे एक जुनी चार मजली इमारत आहे. तिच्यातलं एकही दार करकरत नाही. जिन्याचा कठडा हलत नाही, गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक अडकत नाही, आणि कुणाच्या मिक्सरचं भांडं जाम झालं तर ते दुकानात जायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर शेलारांकडे जातं. धर्मराज शेलार एकतीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होता. रिटायर झाला त्या दिवशी त्याने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाना आणि तेलाची बुधली घेऊन इमारतीच्या गेटची बिजागरी खोलून बसला. नुसतं बसून राहणं त्याला जमायचं नाही. बोलणं तर त्याहूनही जमायचं नाही. कारखान्यात मशीनच्या आवाजापुढे कुणाचं काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे माणसं खुणेने बोलत. ती सवय तो घरी घेऊन आला. चहा हवा असला की कप वाजवायचा. जेवण झालं की हात ताटावर आडवा धरायचा. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि संसार या खुणांवर ठीक चालला होता, असं निदान त्याला वाटत होतं.

त्याची बायको चांगुणा बारवी धरणाच्या अंगच्या एका पाड्यातली. लग्न होऊन जांभूळला सासरी आली आणि पहिली सतरा-अठरा वर्षं सासऱ्याची भातशेती तिनेच ओढली, कारण नवरा शिफ्टला. पावसाळाभर गुडघाभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या आणि थंडी पडली की टाचांना भेगा. भेगांचं तिला कधी काही वाटलं नाही. चुलीपुढे बसून मेणबत्तीचं मेण पातळ करायचं, भेगेत ओतायचं, दात आवळायचे, आणि सकाळी पुन्हा पाटी डोक्यावर. पुढे शेती दिरांकडे गेली, हे दोघं कात्रपच्या फ्लॅटमध्ये आले, मुलगा अभिजीत शिकला, पुण्याला नोकरीला लागला. चांगुणाचं अंग सुटलं, गुडघे धरले, आणि सहा वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. कधी घ्यायची, कधी विसरायची.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बदलापूरची थंडी अंगाला बोचत होती. दिवाळीत अभिजीतने घरात पांढऱ्या टाइल्स बसवून दिल्या होत्या. सकाळी धर्मराज दात घासत बाहेर आला तर टाइल्सवर लाल चंद्रकोरी उमटलेल्या. नखाएवढ्या, एका अंतराने, ओट्यापासून बाल्कनीपर्यंत. त्याला आधी वाटलं कुंकू सांडलं. वाकून बोट लावलं. ओलं होतं.

तो खुणा धरून बाल्कनीत गेला. चांगुणा दोरीवर कपडे घालत होती, गाणं गुणगुणत. तिच्या डाव्या टाचेला बोटभर लांबीची भेग उघडली होती आणि तिच्यातून रक्त ठिबकत होतं.

"अगं, पाय!" धर्मराज ओरडला.

"काय झालं पायाला?" तिने खाली पाहिलं. "अगो बाई. कधी लागलं?"

"दुखत नाही?"

"नाय ओ. काय पण नाय."

दुखत नाही याचं तिला बरं वाटलं. धर्मराजने मात्र तिच्या हातातले ओले कपडे काढून घेतले. जे मशीन बिघडून आवाज करतं त्याला तो कधी घाबरला नव्हता. बिघडूनही गप्प राहतं ते मशीन माणसाचा हात घेतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच दिवशी तो तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी चांगुणाला डोळे मिटायला सांगितले आणि मासे धरायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा एक जाडसर दोरा तिच्या पायाला ठिकठिकाणी टेकवत गेल्या.

"मावशी, लागलं की सांगा."

चांगुणा डोळे मिटून वाट बघत राहिली. धर्मराज समोर उभा होता. दोरा अंगठ्याला टेकला, वाकला. चवड्याला टेकला, वाकला. टाचेला टेकला, वाकला.

"कधी लावणार?" चांगुणाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दोरा खाली ठेवला आणि धर्मराजकडे बघून समजावलं. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात. त्यामुळे घाम येईनासा होतो आणि कातडी कोरडी पडते. कोरडी कातडी जाड होते आणि फाटते. फाटल्यावर आत जंतू शिरतात, आणि बधिरपणामुळे पेशंटला पत्ता नसतो. "मेण, ब्लेड, दगड, काही लावायचं नाही. अनवाणी चालायचं नाही, घरात सुद्धा. आणि पाय रोज बघायचा. रोज म्हणजे रोज."

पुढचं सोनिया सिस्टरने दाखवलं. सोनिया उल्हासनगरची, सिंधी घरातली मुलगी. मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. "देखो काका, पाणी कोमट. पाणी मावशीने नाही बघायचं, त्यांना कळणार नाही, दुसऱ्याने बघायचं. दो-तीन मिनिट, ज्यादा नाही, भिजत ठेवलं की चमडी और सूखती है. मग टिपून घ्यायचं, घासायचं नाही. बोटांच्या मध्ये एकदम कोरडं. और कातडी थोडी ओलसर आहे तोपर्यंत ही क्रीम, टाचेला, तळव्याला. बोटांच्या मध्ये क्रीम नाही. उघड्या जखमेवर पण नाही, तिथे हा मलम. समझा?" मग ती चांगुणाकडे वळली. "मावशी, तुम्हाला वाकता येतं?"

चांगुणाने वाकायचा प्रयत्न केला. हात नडगीपर्यंत पोचला आणि थांबला.

"मग घरात कोण करणार?"

"मी," धर्मराज म्हणाला.

चांगुणाने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भर दवाखान्यात तिच्या डोक्यावरचा पदर ओढला.

घरी आल्यावर धर्मराजने पातेल्यात पाणी गरम केलं, हत्यारांच्या पेटीतून थर्मामीटर काढून त्यात बुडवला, टब घेऊन तिच्यासमोर बसला आणि हात पुढे केला. तिने दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले आणि लुगड्यात गुंडाळले.

"हात नका लावू."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टरला काय? तिला पुढचा जल्म नाय घ्यायचा. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? मना पाप लावता? माझी आय सांगायची, असली बाय पुढच्या जल्मी पाल होते. भिंतीला चिकटून ऱ्हाते आणि चुकचुकते."

"असं काही नसतं."

"तुमाला ठाऊक?"

धर्मराजला ठाऊक नव्हतं. तो टब घेऊन उठला आणि पाणी मोरीत ओतलं. भांडण करायलाही शब्द लागतात, आणि त्याच्याकडे ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने समोरच्या इंदुबाईंना गळ घातली. इंदुबाई सत्तरीच्या, पण काटक. त्या आल्या, त्यांनी चार दिवस पाय धुतले, क्रीम लावली. पण परक्या बाईकडून सेवा घेताना चांगुणा संकोचाने अर्धी व्हायची. इंदुबाईंना चहा, इंदुबाईंना पोहे, इंदुबाईंना वालाचं बिरडं. पाचव्या दिवशी इंदुबाईंना नातीच्या बाळंतपणाला उल्हासनगरला जावं लागलं. जाताना त्या धर्मराजला दारात म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या हाताला तिचा पाय जड नव्हता हो. तिच्या मनालाच जड होता."

मग चांगुणाने सांगितलं, आता मीच करीन. धर्मराजने विश्वास ठेवला. न्हाणीचं दार लावून ती अर्धा अर्धा तास आत असायची. पाण्याचा आवाज यायचा. बाहेर आली की पायात मोजे. "बरं आहे?" तो भुवईने विचारायचा. "बरं हाय," ती मानेने सांगायची.

तेराव्या दिवशी तिला ताप भरला. अंग भाजत होतं. धर्मराज तिच्या अंगावर गोधडी घालायला वाकला आणि त्याला वास आला. उंदीर मेल्यासारखा, हलका. त्याने न विचारता मोजा ओढून काढला. खाली एक चिंधी होती, चिकटलेली. टाचेची जाड कातडी कुणीतरी सालपटासारखी तासली होती, आणि एका जागी पातं खोल गेलं होतं. आजूबाजूला लाल, मध्ये पिवळं. न्हाणीच्या कोनाड्यात, साबणाच्या मागे, त्याचंच दाढीचं जुनं ब्लेड सापडलं.

पाच दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. सलाईन, इंजेक्शनं, रोज ड्रेसिंग. अभिजीत आणि त्याची बायको अस्मिता पुण्याहून धावत आली, दोन दिवस राहिली. डॉक्टरीणबाईंनी धर्मराजला बाहेर बोलावून सांगितलं, "काका, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर मला दुसरीच भाषा बोलावी लागली असती. पाय वाचलाय. पण हे परत व्हायला नको."

धर्मराज व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. सोनिया सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जात होती. तिने पाहिलं तर काका दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडेच बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज न करता. ती ट्रे ठेवून शेजारी बसली. मग तिने त्याचा एक हात उचलून उलटसुलट पाहिला. एकतीस वर्षं मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये आणि रॉकेलमध्ये बुडालेला हात. तळव्यांना घट्टे, बोटांच्या पेरांवर बारीक काळ्या चिरा, ज्यांतलं ग्रीस कधीच निघालं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "या हाताने मावशीचे पाय करणार? ये तो सँडपेपर है. पहले हे ठीक करा."

तिने त्याला एक व्हॅसलिनची डबी दिली. धर्मराज जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातांना काही लावत होता. भांडी घासायच्या पावडरने हात धुणं बंद झालं. आंघोळ झाली की पाणी टिपून लगेच व्हॅसलिन, जेवणानंतर हात धुतले की पुन्हा. तीन-चार दिवसांत पेरं मऊ पडायला लागली. चष्मा पुसताना कापड बोटाला अडकेनासं झालं, याचं त्याला मोठं नवल वाटलं.

चांगुणा घरी आली त्या संध्याकाळी त्याने टब आणला नाही, पाणीही तापवलं नाही. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"मी काय सांगतो ते ऐक," तो म्हणाला. एवढ्यावरच चांगुणा सावध झाली, कारण हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तुझा पाय गेला तर तू गेलीसच असं समज. तू एका जागी बसणारी नाहीस. आणि तू गेलीस तर मी काय करू? मला भाकरी येत नाही. अभिजीतचा फोन आला की मी तुझ्या हातात देतो. या घरात मला बोलायला दुसरं कोण आहे?"

"आता तरी कुठं बोलता?" चांगुणा म्हणाली.

धर्मराजने मान खाली घातली. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पाल झालीस तरी चालेल," शेवटी तो म्हणाला. "पण या जन्मी चाल."

चांगुणाला हसू आलं आणि ते लपवायला तिने पदर तोंडाला लावला. पदर खाली घेतला तेव्हा डोळे ओले होते. "एक करा," ती म्हणाली. "आधी मी तुमच्या पाया पडणार. मग तुमी माझे धरा. म्हणजे फिट्टमफाट."

"पड."

आता अडचण अशी की तिला वाकता येत नव्हतं. तिने खुर्चीत पुढे सरून पाहिलं, हात पोचेना. मग धर्मराजने युक्ती काढली. स्टूल आणलं, खिडकीच्या गजाला एका हाताने धरलं आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला. चौसष्ट वर्षांचा माणूस एका पायावर उभा. चांगुणाने त्याच्या अंगठ्याला बोटं लावून कपाळाला लावली.

"झालं?"

"थांबा. दुसरा."

"दुसरा पण?"

"एका पायाने पाप फिटत नाय."

त्याने पाय बदलला. तोल जाता जाता वाचला. नमस्कार झाला. मग त्याने पाणी आणलं, थर्मामीटर पाहिला, शिवाय कोपर बुडवून खात्री केली, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोचा पाय हातात घेतला. जखमेचा पाय ड्रेसिंगमध्ये होता, म्हणून उजवा. चांगुणाने मान भिंतीकडे वळवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

धर्मराजने चष्मा नीट करून पाय पाहिला. टाच वाळलेल्या शेतासारखी होती, मार्चमध्ये भाताच्या खाचरात उभ्याआडव्या चिरा पडतात तशी. नडगीवरची कातडी पांढरी, खवलेदार, बोट फिरवलं की कोंडा गळत होता. त्याने मलमलच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने पाणी टिपलं, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या, आणि क्रीम लावली. कातडीने ती अशी ओढून घेतली की दुसऱ्यांदा लावावी लागली.

"काय दिसतं?" चांगुणाने भिंतीकडे बघतच विचारलं.

"काही नाही."

"काही नाय कसं? मना दिसत नाय, कळत नाय. तुमी बघता तं सांगा तरी."

तेव्हा त्याला बोलावंच लागलं. तो इन्स्पेक्शनचा रिपोर्ट द्यावा तसा सांगू लागला. टाचेला बाहेरच्या अंगाला तीन भेगा, मधली सगळ्यांत लांब, पण खोल नाही. अंगठ्याखाली घट्टा. करंगळीचं नख वाकडं. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, एक पांढरा जुना व्रण.

"हा कसला?"

"कोयता लागलेला. सरपण तोडताना. तुमच्या भनीच्या लग्नात."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी शेकंड शिफ्टला होता."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, मधली भेग तशीच आहे, पण कडा मऊ झाल्यात. तिसऱ्या दिवशी आणखी काही. रोज संध्याकाळी साडेपाचला स्टूल, नमस्कार, टब, टिपणं, क्रीम, मग सुती मोजे, तेही उलटे, म्हणजे शिवण कातडीला घासत नाही. हे त्याला सोनियाने सांगितलं होतं. मग चांगुणाने माहेरून आणवलेल्या मोहाच्या तेलाची बाटली पुढे केली. हे चालतं का ते विचारायला धर्मराज दवाखान्यात जाऊन आला. अखंड कातडीवर, नडगीला, चालतं, जखमेच्या आसपास नको, असं उत्तर आलं. तेव्हापासून नडग्यांना मोहाचं तेल आणि टाचांना क्रीम.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागत. त्या पंचवीस मिनिटांत धर्मराजच्या अंगात बोलणं हळूहळू मुरलं. पायाचा रिपोर्ट दोन मिनिटांत संपायचा, मग पुढे काय? चांगुणा विचारायची आणि तो सांगायचा. लेथवर ज्याची बोटं गेली त्या सहकाऱ्याबद्दल. सुपरवायझरने एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं आणि त्या दिवशी घरी येऊन त्याने उगीच ताट ढकललं होतं, त्याबद्दल.

"मना वाटलं, मीठ जास्ती झालं," चांगुणा म्हणाली. "वर्षभर मी मीठ कमीच टाकलं."

"अळणी लागायचं," धर्मराज म्हणाला.

"मग बोलला का नाय?"

यावर दोघंही इतकी हसली की टबातलं पाणी टाइल्सवर सांडलं.

आणि एकदा, डाव्या पायाचं ड्रेसिंग सुटलं त्या आठवड्यात, ती सहज म्हणाली की तिला हा दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट कधीच आवडला नव्हता. तिला तळमजला हवा होता. थोडी माती, एक पडवळाचा वेल. बस्स. धर्मराजचा हात थांबला. एकवीस वर्षं तो या घराला तिच्या हौसेचं घर समजत होता.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरचे राजेंद्र सावंत, पोस्टातून निवृत्त झालेले, एका संध्याकाळी गेटवर चार माणसांत म्हणाले, "काय शेलार, घरी बायकोचे पाय धरता म्हणे?"

माणसं हसली. धर्मराज गेटच्या कडीला तेल देत होता. "धरतो ना," तो म्हणाला. "रोज साडेपाचला. तुम्ही कधी धरता?"

सावंतांचं हसू अर्ध्यावर राहिलं. पण आठ दिवसांनी तेच सावंत जिन्यात थांबवून, आजूबाजूला बघून, हलक्या आवाजात म्हणाले, "ते क्रीम कुठलं हो? आमच्या हिलाही साखर आहे. टाच दाखवत नाही." धर्मराजने क्रीमचं नाव कागदावर लिहून दिलं, आणि खाली लिहिलं: बोटांच्या मध्ये नाही.

चैत्र लागला तोवर दोन्ही टाचा भरून आल्या. डाव्या टाचेवर ब्लेडची जागा गुळगुळीत गुलाबी राहिली, बाकी भेगांच्या नुसत्या रेघा उरल्या. गोळ्या वेळेवर सुरू होत्या, साखरही बरीच खाली आली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तो नायलॉनचा दोरा काढला. चांगुणाने डोळे मिटले. दोरा टेकला, वाकला. धर्मराज श्वास रोखून उभा. चांगुणा वाटच बघत राहिली.

"ती जाणीव बहुतेक परत येणार नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पाय सुंदर ठेवलाय. असाच ठेवा."

परतताना रिक्षात धर्मराजचं तोंड उतरलं होतं. एवढं सगळं करून तिला त्याचा हात लागत नव्हता, कधी लागणारही नव्हता. ते त्याने मोठ्याने बोलून टाकलं, आता सवय झाली होती म्हणून.

चांगुणा रस्त्याकडे बघत होती. "पायाला नाय कळत," ती म्हणाली. "पण मी आंधळी हाय का? तुमी वाकलेले असता, तं तुमची टाळू दिसते. मधी केस नाय उरले. अडतीस वर्षांत मी तुमची टाळू कधी बघितली नव्हती." रिक्षा खड्ड्यात आपटली, तिने त्याच्या दंडाचा आधार घेतला आणि मग तो हात काढलाच नाही.

त्याच आठवड्यात कधीतरी नमस्कार राहून गेला. पाव्हणे आले होते, उशीर झाला होता, धर्मराज घाईने टब घेऊन बसला आणि कामाला लागला. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने वर पाहिलं. चांगुणा त्याला नणंदेच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, रंगात येऊन. तो पुन्हा खाली बघून टाच पुसू लागला. दुसऱ्या दिवशीही स्टूल कोपऱ्यातच राहिलं.

मे महिन्यात धर्मराजने सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर केला. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. सेक्रेटरींना वाटलं पंपाबद्दल काही असेल. तो म्हणाला, कंपाउंडच्या मागच्या भिंतीलगत तीन फूट पट्टा रिकामा आहे, तिथे नुसतं डेब्रिज पडलंय. तो मी साफ करतो. तिथे माझी बायको भाजी लावील. कुणाची हरकत आहे का? कुणाची नव्हती. ज्याच्यामुळे इमारतीतलं एकही दार करकरत नाही त्याला नाही म्हणायचं तरी कुणी?

त्याने आठ दिवस विटांचे तुकडे उपसले, जांभूळहून भावाच्या शेतातली माती टेम्पोतून आणली, आणि जीआयच्या लोखंडी पाइपांचा मांडव उभा केला, इतका भक्कम की त्यावर माणूस चढला असता. "पडवळ चढायचाय, हत्ती नाय," चांगुणा म्हणाली. पण मांडवाभोवती ती दोनदा फिरून आली.

मातीत उतरायचं तर पाय झाकलेले हवेत. धर्मराजने उल्हासनगरला जाऊन तिच्यासाठी बूट आणले, कापडी, रुंद तोंडाचे, आतून मऊ. दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? बायकोसाठी म्हटल्यावर तो लाल रंगाचे दाखवायला लागला. धर्मराजने करडे घेतले, एक नंबर मोठे, कारण मोजे जाड होते. चांगुणाने लुगड्याखाली ते बूट घातले आणि आरशात पाहून तोंडच वळवलं. पण जिना उतरली. खाली बाकावर बसलेल्या बायका बघतच राहिल्या.

"चांगुणाबाई, पीटीला निघालात का?" एकीने विचारलं.

"व्हय," चांगुणा म्हणाली. "या तुमी पण. सरळ रांगेत."

तेव्हापासून रोज सकाळी ती बूट घालून वेलांकडे जाते. त्याआधी एक काम असतं. तिच्या पायाला खडा लागला तरी कळणार नाही, म्हणून बूट घालायच्या आधी धर्मराज त्यांच्यात हात घालतो, कडेकडेने बोटं फिरवतो, उलटे करून झटकतो. एका सकाळी डाव्या बुटात त्याच्या बोटाला काहीतरी टणक लागलं. त्याने बाहेर काढलं. पडवळाची एक बी होती, चपटी, खडबडीत कडेची. आदल्या दिवशी ओंजळीतून निसटली असावी.

"बघ, हे टोचलं असतं," तो म्हणाला.

"आणा इकडं," चांगुणाने ती तळव्यावर घेतली, फुंकर मारून धूळ उडवली आणि बूट घालायला पाय पुढे केला. मग दोघं जिना उतरून मागे गेली. तिने काठीच्या टोकाने मांडवाच्या पायथ्याशी भोक पाडलं, बी आत टाकली, बुटाच्या चवड्याने माती लोटली आणि म्हणाली, "पाणी आणता का जरा?" धर्मराज बादली घेऊन नळाकडे निघाला, आणि जाता जाता, कुणी काही विचारलेलं नसताना, आज हवा बरी आहे असं म्हणाला.